काठाची दुसरी खळ

दुसऱ्याच्या बुद्धीत जे उपजले ते खरोखरच नवे आहे काय, याचा निवाडा करण्याचे काम ज्याच्याकडे येते, त्याच्यापुढे एक विलक्षण संकट उभे असते. दाखविलेली गोष्ट पाहिली की ती आपल्याला आधीपासूनच ठाऊक होती असे वाटू लागते. आणि हे वाटणे इतके निर्मळ असते की त्यात अन्याय दडला असेल अशी शंकाही मनाला शिवत नाही. लोभाने केलेला अन्याय माणसाला पुढेमागे टोचतो. जाणतेपणाने केलेला अन्याय टोचत नाही, तो समाधान देतो. पेटंट कार्यालयात नियंत्रकपदावर असलेल्या अर्पिताला असे समाधान सहा आठवडे लाभले होते. सातव्या आठवड्यात, एका मंगळवारी सकाळी, पडद्यावर दिसणाऱ्या एका वृद्ध माणसाने तिला एक प्रश्न विचारला आणि ते समाधान गेले.

प्रकरण चुंबकांचे होते. दुर्मिळ धातूंपासून घडविलेले हे चुंबक बोटाच्या पेराएवढे असूनही गाडीची मोटार फिरवितात; पण मोटार तापली की त्यांचे बळ ओसरू लागते, आणि ते प्रथम कडांपासून ओसरते. उपाय म्हणून डिस्प्रोसियम नावाच्या, दूरदेशाहून येणाऱ्या धातूची पूड लेपासारखी चुंबकावर लावतात आणि तो भट्टीत तापवितात, म्हणजे लेप आत मुरतो. एवढे जगाला ठाऊक होते. राज्याच्या सीमेपलीकडच्या एका लहानशा गावात स्वतःची भट्टी चालविणाऱ्या शिवप्पा नावाच्या कारागिराने यात थोडासा बदल केला होता. प्रथम सर्वांगाला अगदी पातळ लेप. मग तो भट्टीच्या मंद आचेवर पंचवीस मिनिटे केवळ अर्धा मुरू द्यायचा. आणि तशा अर्धमुरल्या अवस्थेत फक्त कडांना दुसरा लेप देऊन शेवटी पूर्ण आच द्यायची. धातू निम्म्याने कमी लागत असे आणि कडा टिकत. अर्पिताने अर्ज वाचला, त्यासमोर ठेवलेले दोन जुने दस्तऐवज वाचले. एकात सर्वांगाच्या लेपाची रीत होती, दुसऱ्यात कडा आधी जातात हे निरीक्षण होते. अर्ध्या तासात तिने आक्षेप लिहिला, की कडांना दुसरा लेप द्यावा आणि तो पहिला अर्धा मुरलेला असतानाच द्यावा, हे या क्षेत्रातील कोणाही कुशल व्यक्तीला सहज सुचण्यासारखे आहे. हा शोध नव्हे, हे उघड आहे. तिच्या हाताखालच्या तपासनिसाला जे दिसले नव्हते ते तिला एका दृष्टिक्षेपात दिसले होते. वरिष्ठ अमरसिंह सरांनी तो परिच्छेद नमुना म्हणून सर्वांकडे पाठविला आणि जिन्यात भेटल्यावर म्हणाले, "अर्पिता, आक्षेप सगळेच घेतात. असा आक्षेप घ्यायला नजर लागते."

सुनावणीत शिवप्पाचा वकील बोलत होता तोवर सारे नेहमीसारखे चालले होते. वकिलाच्या खांद्यामागे, प्लास्टिकच्या खुर्चीत, पांढरी टोपी मांडीवर ठेवून बसलेला शिवप्पा बोलेल अशी कोणाची अपेक्षा नव्हती. तो एकाएकी पुढे वाकला. त्याचा चेहरा पडद्याला फार जवळ आला. "मॅडम, एक विच्यारू काय? रागाला येऊ नका. हे कडंचं, हे तुमाला कुठं दिसलं? सांगा की. आमी बी जाऊन बघतो." वकिलाने त्याच्या बाहीला हात लावला. अर्पिता म्हणाली की हे क्षेत्रातले सामान्य ज्ञान आहे, त्याला स्वतंत्र दाखल्याची गरज नाही. शिवप्पाने मान डोलविली. त्यात उपरोध नव्हता, हेच तिला नंतर असह्य झाले. "आसंल, आसंल," तो म्हणाला, "आमाला सात वरीस लागलं बघा." आणि तो मागे सरकून पुन्हा टोपीकडे पाहत बसला. आदेश राखून ठेवला आहे असे सांगून तिने पडदा बंद केला. कुठं दिसलं? तिने दोन्ही दस्तऐवज पुन्हा उघडले. त्यांत ते नव्हते. आणखी नऊ दस्तऐवज उघडले, त्यांतही नव्हते. तरी तिला ते दिसले होते, आपल्या तळहातावरची रेषा दिसावी तितके स्वच्छ. जे कोठेच लिहिलेले नाही ते आपण कोठे वाचले, हा प्रश्न घेऊन ती त्या आठवड्यात जेवली, झोपली, लोकांशी बोलली. आणि आदेश लिहिण्याची मुदत संपायला पाच दिवस उरले असताना भाऊ बलभीमचा फोन आला म्हणून चार दिवसांची रजा घेऊन जळकोटला निघाली.

बलभीमचे म्हणणे साधे होते. आईचे गुडघे गेले आहेत. घोंगडीच्या मागावर पाय सोडून बसायचा खड्डा घरातच आहे, त्यात उतरणे तिला आता झेपत नाही. तो बुजवून वर फरशी घालायची आहे. पण ती ऐकत नाही. तामलवाडीच्या एका घरी कबूल केलेली एक घोंगडी व्हायची आहे, ती झाली की बुजवा, असे तिने सांगितले आहे, आणि असे ती गेल्या दोन घोंगड्यांपासून सांगत आहे. "तू साहेब हायेस," बलभीम फोनवर म्हणाला होता, "तुज्या शिक्क्यानं तरी खड्डा बुजतो का बघ." सोलापूरला उतरून अर्पिताने हैदराबादकडे जाणारी गाडी धरली. नळदुर्ग येईपर्यंत ती खिडकीशी डोके टेकून बसली होती. धाब्यांवर उभ्या ट्रकांच्या रांगा, तुरीची पिवळी शेते, किल्ल्याची काळी भिंत हे सारे सरकत गेले आणि तिच्या मनात शिवप्पाची टोपी तेवढी स्थिर राहिली. ज्याने सात वर्षे एका भट्टीपुढे घालविली त्याला मी अर्ध्या तासात सांगितले की हे तर कोणालाही सुचले असते. मग कोणाला का सुचले नाही? जपानात, चीनमध्ये, जर्मनीत, जिथे हे काम करणारे हजारो लोक आहेत, तिथे कोणाला का सुचले नाही? आणि मला, जिने चुंबक हातात धरला आहे तो केवळ शाळेच्या प्रयोगशाळेत, मला कसे सुचले? हा प्रश्न तिला प्रथम अभिमानाने सुखवीत होता. जळकोटच्या थांब्यावर पाय टेकला तेव्हा त्यातला अभिमान संपला होता आणि एक प्रकारची भीती उरली होती, जणू दुसऱ्याच्या घरातली वस्तू आपल्या पिशवीत सापडावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरापुढच्या मोकळ्या जागेत आईने ताणा ताणला होता. काळ्या लोकरीचे उभे धागे दोन खुंट्यांमध्ये वीस हात लांब पसरले होते. त्यांच्याखाली काठ्यांचे आधार होते. आणि चुलीवर चिंचोक्यांची खळ शिजून, गाळून, पितळेच्या परातीत कोमट होत होती. मागावर धागा तुटू नये म्हणून ही खळ त्याला पाजावी लागते. मेंढरे घेऊन बलभीम केव्हाच निघायचा होता, पण बहिणीची गंमत पाहायला तो रेंगाळला होता. "धर कुंचा," आई म्हणाली. सखूबाईचे गुडघे गेले असतील, आवाज गेला नव्हता. "साहेब आसशील तिकडं. हितं मला दुसरा मानूस न्हाय." अर्पिताने पदर खोचला आणि लांब केसांचा तो कुंचा खळीत बुडवून ताण्यावरून ओढीत चालू लागली. एका दिशेने, मागे ओढायचा नाही, तो नियम पायांनाच आठवत होता. ऊन अजून कोवळे होते. ओल्या लोकरीचा आणि चिंचोक्यांचा तो आंबूस, किंचित भाजका वास तिच्या नाकातून थेट कोठल्या तरी खोल जागी उतरला, जिथे अजून शब्द पोहोचले नव्हते. वडील रामलिंग त्या काळी मेंढरांमागे चार चार महिने घराबाहेर असत. माग हा आईचा आणि तिचाच होता. ती नऊ वर्षांची होती, ताण्याखालून वाकून पलीकडे जायची, तेव्हा धाग्यांमधून आभाळाच्या चिरा दिसायच्या. वीस हात चालून ती वळली, दुसरी फेरी केली, तिसरी केली, आणि मग सवयीने कुंचा बुडवून दोन्ही काठांच्या धाग्यांकडे वळली.

"थांब की, घाईची," आई म्हणाली. "आदी बघ."

आणि अर्पिता वाकली. काय बघायचे ते तिने विचारले नाही. काठाचा एक धागा हलकेच उचलून तिने खालच्या ओठाला टेकविला. गार लागला आणि ओठाला किंचित चिकटला. अजून नाही. गार लागला पाहिजे, पण चिकटता कामा नये. तेव्हाच काठाला दुसरी खळ द्यायची. आधी दिली तर धागे एकमेकांत गुंततात. पहिली पुरती वाळल्यावर दिली तर दुसरी वर राहते आणि मागावर पापुद्रा होऊन गळून पडते. काठाचेच धागे आधी तुटतात, कारण आडवा धागा नेणारा धोटा तिथेच वळतो; म्हणून काठाला दोनदा, आणि ते अर्ध्या ओलीत. हे तिला कोणी शिकविले होते? कोणीच नाही. हे तिच्या ओठाला माहीत होते. ती तशीच वाकून राहिली, ओठाला धागा लावून, आणि तिला वाटले की तिच्या पाठीवर कोणीतरी सावकाश हात ठेवीत आहे. कुठं दिसलं? इथे. या वीस हातांत. त्या दोन दस्तऐवजांच्या मधली जी जागा रिकामी होती, ती तिने या अंगणाने भरली होती, आणि भरताना आपण काही आणून ठेवले आहे याचा तिला पत्ताही लागला नव्हता. सामान्य ज्ञान म्हणून जे तिने नोंदविले होते ते जगात कोणाचे सामान्य होते? जळकोटच्या एका लोकर विणणाऱ्या बाईचे आणि तिच्या मुलीचे.

"वाळली का तिथंच?" बलभीम ओरडला. "आये, हिला उचलून आत ठिवू का?"

"तू मेंढरं घिऊन जा की रं," आई म्हणाली. "त्येन्ला भूक लागली आन् ह्यो हितं तमाशा बघतोय."

तो हसत निघून गेला. मेंढरांच्या पायांचा मऊ, दाट आवाज बांधापलीकडे विरला. अर्पिता आईशेजारी दगडावर बसली आणि खळ अर्धी सुकेपर्यंतच्या त्या मोकळ्या वेळात तिने सारे सांगितले. अर्ज छापून जाहीर झालेलाच होता, त्यात गुप्त असे काही नव्हते. चुंबक म्हणजे काय, भट्टी म्हणजे काय, लेप म्हणजे काय. आणि कडांना दुसरा लेप, पहिला अर्धा मुरलेला असताना. हे ऐकताना आईच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. केवळ शेवटच्या वाक्याला तिच्या डोळ्यांत एक लहानशी ओळख उमटली, जत्रेत आपल्या गावचा माणूस दिसावा तशी. "मंग बराबर हाय की त्येचं," ती म्हणाली. "बरोबर आहे म्हणूनच तर," अर्पिता म्हणाली, "मी लिहिलं, की हे कुणालाही सुचेल. यात नवं काही नाही."

"कुनालाबी?" आईने तिच्याकडे पाहिले. "तुज्या दादाला इच्यार. त्यो ह्याच घरात वाडला. त्येला ठावं न्हाय." थोडा वेळ ती परातीतल्या खळीवर आलेली साय काडीने बाजूला करीत राहिली. मग म्हणाली, "मला ठावं हाय म्हून समद्यांला ठावं आसतंय व्हय गं?"

या प्रश्नाला कायद्याच्या पुस्तकांत पुष्कळ पाने दिलेली आहेत आणि अर्पिताने ती पाठ केली होती. पण त्या क्षणी तिच्या मनात आले ते दुसरेच, आणि ते इतके मधुर होते की तिला त्याची लाज वाटली. हे कुठे दिसले असे शिवप्पाने विचारले ना? दाखला हा इथे आहे. आईच्या या कामाची छायाचित्रे घ्यावी, तिचे निवेदन लिहून घ्यावे, साक्षीदारांच्या सह्या घ्याव्या, आणि कागदावर मांडावे की अमुक गावच्या सखूबाई ही रीत चाळीस वर्षे करीत आल्या आहेत. ज्या बाईला सही म्हणून अंगठा उमटवावा लागतो तिचे नाव सरकारच्या दप्तरात, जगभरच्या अभ्यासकांना सापडेल असे, कायमचे राहील. आक्षेपही उभा राहील. अमरसिंह सरांनी पाठविलेला परिच्छेदही खरा ठरेल. अर्पिताला ते पान डोळ्यांपुढे दिसले, आईचे नाव त्यावर छापलेले दिसले. आयुष्यात आईला द्यावे असे तिच्यापाशी काय होते? शहरातून आणलेल्या साड्या आई पेटीत घालून ठेवी. हे मात्र देता आले असते. तिने सांगून पाहिले, अर्धे थट्टेने, की तुझे नाव कागदावर घालते, सारे जग वाचील.

"आन् त्या मानसाचं?"

"त्याचा अर्ज जाईल."

आईने हात लांब करून काठाचा धागा चाचपला, सोडून दिला. "माज्या नावानं कुनाचं आडवू नगं, बाय," ती म्हणाली. तिच्या स्वरात उपदेश नव्हता. चुलीवरचे उतरव म्हणावे तितक्या सहज ती म्हणाली. "आन् म्या कुटं त्येच्या त्या चुंबकाच्या दगडाला खळ लावली? म्या लोकरीला लावली. दगडाला किती आच लागती, किती येळ लागतो, मला काय ठावं? दगडाला ओठ लावून बघतंय का कोन? त्येनं बघितलं आसंल कसंतरी, त्येचं त्येला ठावं." मग एकदम तिला हसू आले. "सात वरीस म्हनतीस? मला चार म्हैन्यांत शिकवलं माज्या सासूनं. पर तिनं हातावर मारून शिकवलं. त्येला मारायला कोन नसंल."

अर्पिताही हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. पंचवीस मिनिटे, असे शिवप्पाच्या अर्जात लिहिले होते. चोवीस नव्हे, तीस नव्हे. सोबतच्या तक्त्यात वाया गेलेल्या प्रयोगांची चार पाने होती, जी तिने त्या अर्ध्या तासात नजर फिरवून उलटली होती. दहा मिनिटांना लेप घसरला. चाळीस मिनिटांना दुसरा लेप पापुद्र्यासारखा सुटला. पापुद्रा हा शब्द तिथेही होता, इंग्रजीत. ती पाने म्हणजे त्या माणसाचा ओठ होता. हा विचार येताच तिला आणखी एक कल्पना सुचली, की शिवप्पाच्याही घरी माग असेल, कांबळी विणणारी कोणी असेल, आणि त्याने तो प्रश्न विचारला तो याच कारणाने; त्याला वाटले असेल की पडद्यावरच्या या बाईलाही ते कोठे दिसले असावे. तिने ती कल्पना हळूच बाजूला ठेवली. तिला ते ठाऊक नव्हते आणि ठाऊक करून घेण्याचा तिला अधिकार नव्हता. एकदा ठाऊक नसलेली गोष्ट ठाऊक आहे असे धरून ती चालली होती. तेवढे पुरे होते.

काठांची दुसरी खळ देऊन झाल्यावर, दुपारी, ती आतल्या खोलीत मागाच्या खड्ड्याच्या कडेला पाय सोडून बसली आणि मांडीवर संगणक घेतला. आता तिला दुसऱ्या भयाने घेरले. सकाळी जे झाले त्याने आपले मन पाझरले आहे. पाझरलेल्या मनाने दिलेला न्याय हाही पक्षपातच. आईच्या एका वाक्यावर पेटंट देता येत नाही. म्हणून तिने स्वतःला पुन्हा त्या दोन दस्तऐवजांपुढे बसविले आणि कायदा ज्याची कल्पना करायला सांगतो त्या कुशल व्यक्तीला शोधू लागली. तो माणूस कोठेच नसतो. त्याने आपल्या क्षेत्रातले सारे वाचलेले असते, त्याचा हात सरावलेला असतो, पण नवे असे त्याला काही सुचत नाही. इतकी वर्षे तिने त्याला एखाद्या मापासारखे वापरले होते. आज प्रथमच तिने त्याला चेहरा दिला. त्याला निळा डगला दिला, भट्टीच्या आचेने भाजलेल्या भुवया दिल्या, दुपारचा डबा दिला. घर देऊ लागली तेव्हा तिचा हात थांबला. त्याला घर नसते. त्याला आई नसते. ज्या अंगणातून तो कधी चालला नाही तिथला वास त्याच्या नाकात असणे शक्य नाही. अशा त्या माणसाला तिने पहिला दस्तऐवज वाचायला दिला. त्याने सर्वांगाच्या लेपाची रीत समजून घेतली. दुसरा दिला. त्याने कडांबद्दलच्या निरीक्षणावर खूण केली आणि त्याला वाटले की कडांना अधिक लेप द्यावा. इथवर तो आला. हे तिने नाकारले नाही. मग त्याने पहिल्या दस्तऐवजाचे नववे पान पुन्हा उघडले, ज्यात लिहिले होते की दोन लेपांच्या मध्ये आच देऊ नये, दिल्यास वरचा थर धरत नाही आणि सारी खेप वाया जाते. ते वाक्य तिने आक्षेप लिहितानाही वाचले होते आणि मनातल्या मनात म्हटले होते की हे पुरती आच दिली तर. अर्धी दिली तर धरतो. कोणी म्हटले होते ते? त्या निळ्या डगल्यातल्या माणसाने नव्हे. त्याने ते वाक्य वाचले, मान हलविली, दस्तऐवज मिटला, आणि तो डबा उघडून जेवायला बसला. अर्पिता वाट पाहत राहिली. तो उठला नाही. त्याला काही सुचले नाही. तिने त्याला फार वेळ दिला, जवळजवळ तासभर. आणि मग तिला खात्री पटली.

तिने अमरसिंह सरांना फोन लावला. आदेश तिचाच होता, त्यांच्या संमतीची गरज नव्हती. पण त्यांनी ज्याची स्तुती केली ते मागे घेताना त्यांना अंधारात ठेवणे तिला बरे वाटेना. त्यांनी शांतपणे ऐकले. "विचार कर," ते म्हणाले, "तो परिच्छेद तीस लोकांनी वाचलाय. नवीन पोरं तो पाहून आक्षेप लिहितात. आता तूच लिहिणार, की चुकलं?"

"सर, मला ते कागदात दिसलं नव्हतं."

"मग कुठं दिसलं?"

"घरी."

पलीकडे पंखा घरघरत होता. "घर म्हणजे काही पुरावा नव्हे, अर्पिता."

"म्हणूनच, सर," ती म्हणाली.

आणि मग, ज्याची तिने अपेक्षा केली नव्हती असा एक थकलेला, ओलसर सूर त्यांच्या आवाजात आला. "माझ्या घरी गुऱ्हाळ होतं," ते म्हणाले. "किती प्रकरणांत मला काय काय उघड दिसलं असेल, देव जाणे. लिही. आणि तीस जणांना पाठवायचं काम माझं."

आदेश लिहायला तिला सूर्य कलेपर्यंतचा वेळ लागला. बाहेर आई ताणा गुंडाळायला शेजारणीला हाका मारीत होती, तिच्याशी भांडत होती, हसत होती. ते सारे आवाज दारातून येत होते आणि वाक्यांच्या मधून जात होते. अर्पिताने लिहिले की पूर्वीच्या आक्षेपात जे सामान्य ज्ञान म्हणून गृहीत धरले होते त्याला अभिलेखावर कोणताही आधार नाही. ते गृहीत धरणे ही या प्राधिकाऱ्याची स्वतःची चूक होती. पहिला दस्तऐवज कुशल व्यक्तीला या मार्गापासून परावृत्तच करतो. आणि अर्जदाराने मांडलेले अयशस्वी प्रयोग दाखवितात की हा मार्ग सहज सापडणारा नव्हता. सबब पेटंट मंजूर करण्यात येत आहे. 'स्वतःची' हा शब्द तिने एकदा खोडला आणि पुन्हा लिहिला. आईचे नाव कोठेच आले नाही. येणे योग्य नव्हते, हे ती पुरते जाणून होती, आणि तरीही शेवटच्या ओळीनंतर पानावर जी कोरी जागा उरली तिच्याकडे तिने थोडा वेळ पाहिले. मग गावात इंटरनेटची रेंज येते त्या पाण्याच्या टाकीपाशी जाऊन तिने आदेश पाठविला.

परत आली तेव्हा ताणा मागावर चढविलेला होता आणि आई खड्ड्याच्या काठावर बसून, एक हात भिंतीला लावून, खाली उतरायच्या बेतात होती. अर्पिताने तिला काखेत धरून सावकाश खाली बसविले. बुजविण्याचा विषय तिने काढला नाही, दाराशी उभ्या असलेल्या बलभीमनेही काढला नाही, तो नुसता म्हणाला, "बुजवायला आली आन् उतरवून बसली. भले साहेब!" आईने धागे सारखे केले. मग वर न पाहता विचारले, "त्येचं काय केलंस?"

"दिलं."

"बरं झालं." थोड्या वेळाने तिने विचारले, "त्येची माय हाय का गं?"

"माहीत नाही, आये. तोच म्हातारा आहे."

"आसंल तर बरं वाटंल तिला," आई म्हणाली, आणि तिने पायाखालची मागाची पावडी दाबली.

ज्याने सात वर्षे चुकून, पुन्हा मांडून, एक लहानशी गोष्ट बरोबर केली, त्याच्या भट्टीची आच निर्विघ्न राहो. जिने आपले जाणतेपण ओळखून बाजूला ठेवले, तिची दृष्टी अशीच निवळत जावो. आणि जिचे नाव कोणत्याही कागदावर आले नाही, जिने ते येऊ दिले नाही, तिच्या गुडघ्यांना तामलवाडीची ही घोंगडी पुरी होईपर्यंत, आणि तिची इच्छा असेल तर त्यापुढच्याही एकीपुरते, बळ मिळो.